गळ विहिरीचा

नाशकात विहिरी आळीआळीच्या होत्या, जातीजातीच्या होत्या. गळ मात्र एकच होता, आणि तो जुन्या गावात ठमाबाईच्या ओसरीवर खुंटीला टांगलेला असे.

गळ म्हणजे वर वळलेल्या लोखंडी आकड्यांचा झुबका. त्याला कडी, कडीला अंबाडीचा दोर. कुणाची कळशी विहिरीत पडली, कुणाचा पोहरा दोरासकट गेला, की माणूस ठमाबाईचं दार गाठी. गळ खाली सोडायचा, तळ चाचपत फिरवायचा, आणि आकड्यात काठ अडकला की हलक्या हातानं वर घ्यायचं, माहेरी आलेल्या लेकीला झोपेतून उठवावं तसं. ज्या विहिरीच्या काठाला हात लावायची ठमाबाईला सोय नव्हती, त्या विहिरीच्या तळाला तिचा गळ जाऊन येई. लोखंडाला कुणी गोत विचारत नाही.

गळ नेण्याचे रिवाज दोन. नेताना एखादं भांडं खूण म्हणून ठेवायचं, हा सोपा. दुसरा अवघड: काय पडलं आणि कसं पडलं, ते ठमाबाईला खरं सांगायचं. खोटं सांगून नेलेला गळ रिकामाच वर येतो, अशी गावाची पक्की समजूत होती. मग सुना येऊन सांगत, "मावशी, सासूच्या नावानं आदळली कळशी, आणि निसटली." एखादी पदराचं टोक चावत म्हणे, "पलीकडच्या माडीवर कोण उभं आहे ते बघत होते." एकदा एक म्हातारा आला आणि म्हणाला, तांब्या पडला नाही, मीच टाकला. बायको गेल्यावर त्यातलं पाणी गोड लागेना. आणि आता तो नाही तर घोट उतरेना.

ठमाबाई देवळांसाठी वाती वळी. वळता वळता हे सगळं ऐके. तिच्या पोटात गेलेली गोष्ट विहिरीत गेल्यासारखीच. फरक एवढाच की तिथून ती गळानंही निघत नसे. ऐकून झालं की उठायची, खुंटीवरचा गळ काढायची आणि दोराचं वेटोळं मागणाऱ्याच्या खांद्यावर टाकताना म्हणायची:

पहिली माझी ओवी, विहिरीच्या गं काठाला,
दे गं माझं भांडं, नको लावू पोटाला.

दुसरी माझी ओवी, गळाच्या गं टोकाला,
खोटं नको सांगू, पाणी ऐकतं लोकाला.

नवरा प्लेगात गेला, लेकरू झालं नाही. पण तिची ओसरी कधी रिकामी नसे. नाशकात रोज काहीतरी पडतच असे.

सन बत्तीसचा उन्हाळा आला तो हुकूम घेऊन. सत्याग्रहाचे दिवस, सरकारला माणसांच्या घोळक्याची धास्ती बसलेली. पाच किंवा पाचांच्या वर माणसांनी एकत्र जमू नये, अशी दवंडी पिटली. दवंडी ऐकायला जमलेल्यांनाच पहिल्यांदा हाकललं. मग गाव चारांच्या हिशेबानं चालू लागलं. पंगती चौघाचौघांच्या बसू लागल्या. तिरडीला खांदेकरी चार, पण मडकं धरणारा पाचवा. त्याला गल्लीभर पुढं चालायला लावत. आणि मेलेला मोजायचा की नाही यावर एकदा वाद इतका लांबला, की प्रेताला ऊन लागेल म्हणून त्याच्यावर छत्री धरावी लागली.

हुकूम पाळला जातो की नाही हे बघायला गल्लीत हवालदार गोटीराम फिरे. निफाडकडचा, मिशी नुकती धरलेली. त्याच्या आवाजात जरब येता येता फुटायची, कोंबडा पहिल्यांदा आरवतो तशी.

एके दिवशी भर दुपारी तो ठमाबाईच्या ओसरीपुढं येऊन उभा राहिला. डावा हात पोटावर घट्ट दाबलेला.

"म्हातारे, ह्यो गळ कुनाचा?"

"विहिरीचा," ठमाबाई म्हणाली.

"विहिरीचा कसा? मालक कोन?"

"मालक कुणी नाही रे बाबा. माझ्याकडं नुसता राहायला आहे. ज्याचं पडेल त्याचा."

'माझा' म्हणाली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. घरात चूल असते, सांडशी असते, तसा गळ. पण सासूनं गळ हाती देताना सांगितलं होतं, ह्याला कधी माझा म्हणू नकोस, रुसेल. चाळीस वर्षांत ती म्हणाली नव्हती.

गोटीरामच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हंजी समद्यांचा! समद्यांचा म्हंजी संस्था झाली. संस्था सरकारात नोंदली हाय का?"

"नाही."

"मग हा बेकायदा जमाव हाय."

"कुणाचा?"

"आकडे मोज, मावशी. सहा हायेत. पाचाच्या वर."

शेजारच्या आळीतली जैतुनबी तेवढ्यात खुणेची वाटी परत न्यायला आली होती. ती पटकन म्हणाली, "हवालदारसाहेब, दोन आकडे कापून न्या ना मग! चार राहू द्या बिचाऱ्या मावशीला!"

"थट्टा नगं. ह्याला दोर बांधून तुरुंगाची भिंत चढता येती. संशयाची वस्तू हाय." असं म्हणून त्यानं एका हातानंच गळ काढला, एका हातानंच गोणपाटात गुंडाळला. दुसरा हात पोटावरून हलला नाही.

"पोट दुखतंय वाटतं त्याचं," तो गेल्यावर जैतुनबी म्हणाली. "ओवा द्यायला हवा होता."

ठमाबाई रिकाम्या खुंटीकडं बघत राहिली. भिंतीवर गळाच्या जागी गळाच्या आकाराचा पांढरा डाग होता. बाकीची भिंत धुरानं काळी झाली होती.

आठवडाही गेला नाही तोवर जैतुनबीचा हंडा पडला.

साधा हंडा नव्हता तो. तांब्याचा, पोटाशी वेलबुट्टीचा, जैतुनबीच्या आजीचा. नवरीला हळदीनंतर ह्याच हंड्यातल्या पाण्यानं न्हाऊ घालायचं. आजी ह्यातूनच नवरी झाली, आई झाली, जैतुनबी झाली. आता लेक जहिदाची पाळी होती. मालेगावच्या विणकरांकडं दिली होती, निकाह पुढच्या शुक्रवारी. मायलेकी हंडा चिंचेनं घासत विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. जैतुनबीनं जावयाच्या नाकाची काही नक्कल केली, जहिदा हसून मागं रेलली, आणि हंडा असा गडगडला की जणू त्यालाही हसू आवरेना. मग पाण्याचा एकच मोठा आवाज झाला.

"माझ्या हसण्यानं पडला, मावशी," जहिदा ओसरीवर येऊन रडत म्हणाली. रिवाजाप्रमाणं खरं ते सांगितलं. पण खुंटीवर गळ कुठं होता?

विहिरीत उतरायची सोय नव्हती. उन्हाळ्यात तिथं खाली कोंडलेला वारा असे. मागं एक गडी उतरला तो दोरानंच वर ओढावा लागला होता. ठमाबाई भिमाजी लोहाराकडं गेली.

"भिमाजी, नवा गळ करून दे."

"मावशी, दिला असता गं." भिमाजीनं भात्यावरचा पाय काढला. "पण चौकीवरनं बजावलंय. घोड्याचा नाल सोडून कुठलंही लोखंड वाकवायचं नाही. काल कोयता केला तो सरळ केलाय. बघ, गवत कापतो का त्यानं कुणी?"

मग ठमाबाई आणि जैतुनबी कचेरीत गेल्या. नोंदणीच्या मेजामागं गायधनी कारकून बसले होते. माणूस वाईट नव्हता. नियम दिसला की त्यांना भूक लागल्यासारखं होई, एवढंच.

"गळ सोडवायचाय? सोपं आहे," ते म्हणाले. "अठराशे साठ सालचा कायदा आहे. संस्था नोंदवा, मग गळ संस्थेचा. नाव काय संस्थेचं?"

"गळ," ठमाबाई म्हणाली.

"बाई, गळ ही वस्तू झाली. नावाला वजन पाहिजे. 'नाशिक विहीरपतित पात्र उद्धारक मंडळ'. कसं वाटतं?"

"हे म्हणेपर्यंत दुसरं भांडं बुडेल की हो," जैतुनबी म्हणाली.

"उद्देश?"

"भांडी काढणं."

"असं नाही चालत. कायद्यात खाती आहेत: धर्मादाय, वाङ्मय, शास्त्र, कला. धर्मादाय म्हणावं, तर लाभ गरिबांना होतो का?"

"ज्याचं पडेल त्याला होतो. सावकाराचंही पडतं."

"अडचण आहे." गायधनींनी टाक कानावर ठेवला, डोळे मिटले, आणि एकदम उघडले. "लाभ भांड्याला होतो असं लिहू! भांडं निराधार आहे, अंधारात आहे, स्वतःहून वर येऊ शकत नाही. ह्याहून गरीब कोण? आणि तुम्ही ओव्या गाता म्हणे? मग वाङ्मयातही धरू. बाकी रिवाज काय आहेत तेही सांगा, पोटनियमांत घालतो."

ठमाबाईनं खूण ठेवण्याचा रिवाज सांगितला, खरं सांगण्याचा सांगितला. गायधनींनी दोन्ही मान डोलावत उतरवून घेतले. "सुंदर. आता सभासद. कमीत कमी सात."

"त्यात बायका चालतात का?"

"कायद्यात 'व्यक्ती' म्हटलंय. बाई त्यात बसते का, असं मी वरच्या साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, बसवून बघा." कारकून जरासे ओशाळले. "तर सात व्यक्तींनी एका सभेत समक्ष हजर राहायचं, मोठ्यानं ठराव करायचा, मी तो कानानं ऐकायचा. झालं."

"पण साहेब," ठमाबाई म्हणाली, "पाच जमले तर धरतात ना?"

"धरतात."

"मग सात कसे जमवू?"

"ते वेगळं खातं आहे, बाई. माझ्या खात्याला सात लागतात. त्यांच्या खात्याला चार."

"मग वरचे तीन मी कुठं ठेवू?"

गायधनींनी नियमांचं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. "त्याबद्दल कायदा काही बोलत नाही," ते खरोखर दुःखानं म्हणाले.

परत येताना जैतुनबी मागं मागं चालत होती. तिच्या डोळ्यांसमोर जहिदा होती, आणि कुणाच्या तरी उसन्या बादलीतलं पाणी. ठमाबाई मात्र नदीकडं वळली. उन्हानं गोदावरी रोडावलेली, खडकाखडकांतून वाट काढत चाललेली. पलीकडं पंचवटी. पलीकडच्या पायऱ्यांवर सावित्रीबाई गुरवीण बेलाची परडी धूत होती.

"वाती मिळाल्या का गं?" ठमाबाईनं इकडून हाक मारली. हे ती रोजच विचारी.

"मिळाल्याऽऽ! बारीक वळल्यात हो यंदाऽऽ!" तिकडून उत्तर आलं.

ठमाबाई थबकली. मग वळून जैतुनबीला म्हणाली, "जैतुन, सभा केवढी रुंद असावी असं लिहिलंय का गं कायद्यात?"

लिहिलेलं नव्हतं. गायधनींनी पुस्तक पुन्हा पाहून खात्री केली आणि त्यांना इतका आनंद झाला की दोन्ही बायकांना त्यांनी स्वतःच्या माठातलं पाणी देऊ केलं.

सभा बुधवारी सकाळी भरली. अलीकडच्या काठावर ठमाबाई, जैतुनबी, तिचा कल्हईवाला नवरा नजीर आणि भिमाजी लोहार, असे चार. पलीकडच्या काठावर सावित्रीबाई, भाजीबाजारातला गोरक्ष माळी आणि पेठकडून लाकडाची मोळी घेऊन उतरलेला पुंजा, असे तीन. गायधनी कारकून तिकडं गेले, म्हणजे तिकडंही चार झाले. धुणं धुणाऱ्या बायका दोन्हीकडं होत्याच. पण त्या जमलेल्या नव्हत्या, त्यांची लुगडी जमली होती.

गोटीराम आला तो गोणपाटातला गळ खांद्यावर घेऊन. संस्था झालीच तर सोपवायला आणायचा, असं त्याला लेखी मिळालं होतं. तो अलीकडच्या काठावर उभा राहिला.

"हवालदार," भिमाजी म्हणाला, "तुम्ही पाचवे."

गोटीरामनं मोजलं. खरंच होता तो पाचवा. तो पाण्यातून खडकांवरून पलीकडं गेला.

"अहो, इकडं चार आहेत!" गायधनी ओरडले. "तुमच्याच हुकमाचा भंग होतोय!"

गोटीराम मागं फिरला. इकडं चार, तिकडं चार. अखेर तो नदीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पाणी मांडीपर्यंत आलं. एका हातानं गळ डोक्यावर धरलेला, दुसरा पोटावर.

सभा सुरू झाली.

"नाव मंजूर आहे काऽऽ?" गायधनींनी तिकडून विचारलं.

"नाव कोण म्हणून दाखवणारऽऽ?" नजीर इकडून ओरडला.

"म्हणायचं नाहीऽऽ! नुसतं मंजूर म्हणाऽऽ!"

"मंजूरऽऽ!"

"माझी गाजरं ऊन खातायतऽऽ," गोरक्ष म्हणाला, "लवकर उरकाऽऽ!" हेही ठरावात उतरलं.

पुंजाला प्रत्येक वाक्यानंतर सावित्रीबाईनं समजावून सांगावं लागे, कारण इतक्या मोठ्यानं चाललेलं आणि तरी इतकं गोड भांडण तो पहिल्यांदाच बघत होता. मुखत्यार म्हणून ठमाबाई निवडली गेली. हात वर केले गेले. धुण्यावाल्या एकदोघींनीही केले, त्यांना साबणाचे हात खाली करायला लावलं.

"आता शेवटचंऽऽ! संस्थेनं गळ ताब्यात घ्यावाऽऽ!"

गोटीरामनं हुश्श केलं आणि अलीकडं दोन पावलं येऊन गळ पुढं केला. गोणपाट सुटलं. ठमाबाईनं पाण्यात उतरून हात पुढं केला आणि ती तशीच थांबली. आकड्यांना शेवाळ होतं. ताजं, हिरवं, लांब केसांसारखं. असलं शेवाळ एकाच विहिरीत वाढे, जैतुनबीच्या आळीतल्या. कुलपात पडलेल्या गळाला शेवाळ कुठून येणार? तिची नजर गळावरून गोटीरामच्या हाताकडं गेली. पोटाकडं गेली. बाकी हवालदारांच्या पट्ट्यावर तिथं पितळी बिल्ला चमकतो.

तिला कळलं, आणि तिनं नजर खाली घेतली. परवा नवरीला न्हाऊ घालायचं आहे, एवढंच तिनं मनाशी म्हटलं. पोराची फजिती कशाला.

पण खोट्याचा गळ रिकामा वर येतो. आणि वेळ होता तो एवढाच.

ती विचारू की नको अशा घोटाळ्यात उभी असतानाच पलीकडून गायधनींचा आवाज आला. "थांबाऽऽ! पोटनियम दुसराऽऽ! गळ नेणाऱ्यानं काय पडलं, कसं पडलं, ते खरं सांगावंऽऽ! त्याशिवाय देवघेव पुरी नाहीऽऽ!"

"मी सरकारी कामानं नेला!" गोटीराम म्हणाला.

"नियमात सरकारला सूट लिहिलेली नाहीऽऽ! मी विसरलोऽऽ!"

गोटीराम ठमाबाईकडं वळला, आवाज अगदी खाली नेऊन म्हणाला, "मावशी, तुला कानात सांगू?"

"मला चालेल रे," ती हळूच म्हणाली.

"ऐकू येत नाहीऽऽ!" गायधनी. "निम्मी सभा इकडं आहेऽऽ!"

गोटीरामनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग डोळे मिटून, नदीच्या मधोमध उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा फुटक्या नसलेल्या आवाजात ओरडला:

"मी विहिरीत माझं तोंड बघत होतोऽऽ!"

धुण्याचे धोपाटे थांबले.

"मला कुनी भ्यायना! पोरं माझी चाल करून दावत्यात! म्हनून दुपारचं कुनी नसताना विहिरीवर वाकून डोळे वटारायची सवय करत होतो! 'पाचाच्या वर जमू नका' असं दरडावत होतो! पान्यातला मी बी भ्याला नाय, हसला! मग अजून वाकलो, तर पट्ट्याचा बिल्ला सुटून पडला! बिल्ला गेला म्हंजी नोकरी गेली!"

"मग गळ मागायला यायचं की रे, लेकरा," ठमाबाई म्हणाली.

"खरं सांगावं लागलं असतं ना!"

म्हणून त्यानं कायदा आणला होता. लाज लपवायला त्याला तेवढंच मोठं पांघरूण सापडलं होतं. रोज दुपारी लपून गळ सोडायचा आणि रोज तो रिकामा वर यायचा.

"म्हणजे जप्तीचा हुकूम वरून नव्हताचऽऽ?" गायधनींनी विचारलं.

"हुकमात 'संशयाच्या वस्तू' एवढंच हायऽऽ! संशय मी घेतलाऽऽ!"

"मग संस्थेची गरजच नव्हतीऽऽ?" नजीर ओरडला.

गायधनी क्षणभर गडबडले. "सुरू झालेली सभा न झालेली करता येत नाहीऽऽ," ते म्हणाले.

कुणीतरी धुण्यावाली खुदकन हसली. ते हसू काठावरून काठावर जाणार, एवढ्यात ठमाबाईनं आवाज लावला. म्हातारा, कापरा, पण पाण्यावरून सरळ जाणारा:

तिसरी माझी ओवी, मध्ये उभ्या लेकराला,
पाण्यानं धुतलं खोटं, नको हसू कुणी त्याला.

धुण्यावाल्यांनी ओवीचा शेवट उचलला. तिकडच्याही बायकांनी उचलला. गोटीरामनं पोटावरचा हात काढला. पट्ट्याला भोक तेवढं होतं.

"मंजूरऽऽ!" पुंजा न विचारता ओरडला.

विहिरीवर चौघंच गेली: ठमाबाई, जैतुनबी, जहिदा आणि दोर धरायला गोटीराम. बाकीची आळी आपापल्या उंबऱ्यात उभी राहिली. उंबऱ्यात उभं राहणं म्हणजे जमणं नव्हे. गळ खाली गेला. पहिल्या खेपेला गाळ आला. दुसऱ्या खेपेला कुणाचा तरी जुना, विसरलेला झारा आला. जैतुनबीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

तिसऱ्या खेपेला दोर जड झाला.

"हळू रे," ठमाबाई म्हणाली. "झोपलाय तो."

हंडा वर आला, काळा, गाळानं भरलेला, वेलबुट्टी हिरवी पडलेली. जहिदानं त्याला असं कवटाळलं की तिची ओढणीच गेली कामातून. गाळ उपसताना तिच्या बोटाला काहीतरी कडक लागलं. तिनं ते ओढणीनंच पुसलं. पितळ चमकलं.

गोटीराम बघतच राहिला. हंड्यानं तळ घासत येताना बिल्लाही ओंजळीत घेतला होता.

"ही संस्थेला सापडलेली सरकारी मालमत्ता आहे," उंबऱ्यातून गायधनी म्हणाले. "ती रीतसर—"

"गायधनी," जैतुनबी म्हणाली, "शुक्रवारी जेवायला या. चौघांच्या पंगतीत तुम्हाला बसवते." गायधनींनी टाक परत कानावर ठेवला.

जहिदा शुक्रवारी त्याच हंड्यानं न्हाली.

पुढच्या उन्हाळ्यात पाचांचा हुकूम केव्हाच विरला होता. पण संस्था होती, आणि आळीत सरकारी नळ आला होता. विहिरींवर जाणं कमी झालं, पडणंही कमी झालं. ठमाबाई वाती वळत बसे आणि रस्त्याकडं बघे. खुंटीवर गळ असून ओसरी रिकामी. हे आधीच्याहून वाईट होतं.

गायधनी घाम पुसत आले. "ठमाबाई, सालाचं कार्य कळवायचं आहे. किती भांड्यांचा उद्धार झाला?"

"फार नाही. लोकांची पडतच नाहीत."

"चांगलं नाही हे. कार्य दिसलं नाही तर संस्था मोडीत काढतात. आणि मोडीत निघालेल्या संस्थेची मालमत्ता सरकारजमा." त्यांनी खुंटीकडं पाहिलं आणि नजर वळवली. "थोडी वाढवून लिहू का?"

"खोटं नाही लिहायचं," ठमाबाई म्हणाली. "त्यानं गळ रुसतो."

गायधनी गेले. बातमी आळीत फिरली, नदीपलीकडं गेली. संध्याकाळ व्हायच्या आत ओसरीवर पहिली आली ती जैतुनबी. डोळ्यांत हसू, चेहरा मात्र गंभीर. "मावशी, कळशी पडली."

"कशी?"

"धक्का लागला." आणि थांबून, "माझाच."

मग गोरक्ष आला, त्याचं पाणी शिंपडायचं भांडं पडलं होतं. मग पलीकडून सावित्रीबाई, परडी धुवायची घागर गेली म्हणून. ठमाबाई ऐकत होती, खूण ठेवून घेत होती, गळ जाऊन परत येत होता, आणि तिच्या हातातली वात वळायची राहून जात होती.

दिवेलागणीला गोटीराम आला. मिशी आता दाट झाली होती. तो ओसरीच्या कडेला टोपी काढून बसला.

"मावशी, तांब्या पडला."

"कसा पडला?"

"पडला नाय. टाकला."

"का रे?"

"येता-जाता बघतो. तुझी वसरी रिकामी दिसती."

ठमाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. हातातली वात बाजूला ठेवली. मग म्हणाली, "खरं सांगितलंस. खूण काय ठेवतोस?"

त्यानं पट्ट्याचा बिल्ला काढला आणि फळीवर जैतुनबीच्या वाटीशेजारी ठेवला. ठमाबाईनं खुंटीवरून गळ उतरवला आणि दोराचं वेटोळं त्याच्या खांद्यावर टाकलं.